सरांनी ओके दिलं

गाडी कोणाची, हा प्रश्न खुशबू निमगडेला आयुष्यात जितक्या वेळा विचारला गेला, तितक्या वेळा तिचं नावही कोणी विचारलं नसेल. गोंडपिपरीच्या पंपावरचा माणूस पेट्रोल भरता भरता म्हणायचा, "साहेबांची का?" आष्टीच्या पुलाजवळ नाकाबंदी लागली की शिपाई वाकून आधी मागच्या सीटवर बघायचा, तिथे कोणी बसलंय का म्हणून. खुशबू मुलचेऱ्याला जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होती. तिथल्या बाबूने तर पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं होतं की मॅडमच्या घरी ठेकेदारी असणार.

गाडी तिची होती. तिच्या पगारातली, तिच्या नावावरची. नागपूरला जाऊन तिने ती स्वतः चालवून पाहिली होती, बॉनेट उघडून कान लावून इंजिन ऐकलं होतं, आणि मग घेतली होती. जुनीच घेतली, पण गडद निळी, जमिनीला धरून पळणारी, टर्बो इंजिनाची. पाय नुसता टेकवला की रस्ता मागे पडायचा. दिवसभर म्हशींच्या कोठ्यांतून, बंगाली वस्त्यांतल्या बदकांच्या मागे फिरून झालं की शनिवारी ती त्या गाडीत बसायची आणि गडचांदूरला आईबापाकडे निघायची. मधला तो जंगलाचा रस्ता म्हणजे आठवड्यातला तिचा स्वतःचा वेळ होता.

पहिल्यांदा गाडी गडचांदूरच्या दारात उभी राहिली तेव्हा पलीकडच्या गल्लीतले एक गृहस्थ हसत हसत म्हणाले होते, "आरक्षणाची गाडी लय जोरात पळते बाप्पा." तिचे वडील देवराव त्यावर हसले होते. खुशबू हसली नव्हती. नंतर तिने विचारलं, "बाबा, तुम्ही काऊन हसले?" देवराव म्हणाले, "हसू नाई तं काय करू? त्याले थोडीच समजनार हाय."

देवरावांचं आयुष्य सिमेंट कारखान्यात पोती चढवण्यात गेलं होतं. आधी ठेकेदाराकडे, मग बऱ्याच वर्षांनी कायम. पॅकिंगच्या धुळीत पापण्या पांढऱ्या होईपर्यंत काम केलं, दोन्ही लेकरं शिकवली. मुलगा हैदराबादला, मुलगी डॉक्टर. कारखान्यात मुलाच्या वयाचा सुपरवायझर आला तरी हाक तीच, "ए देवराव." सुरुवातीच्या काळात कॅन्टीनच्या एका कोपऱ्यात त्यांचा कप वेगळा असायचा आणि तो त्यांनीच धुवून ठेवायचा, हेही त्यांनी कधीतरी सांगितलं होतं, तक्रार म्हणून नाही, पावसापाण्याची गोष्ट सांगावी तसं. सायकलीखेरीज त्यांनी काहीच चालवलं नव्हतं. पण रविवारी सकाळी लेकीची गाडी मऊ धोतराच्या तुकड्याने पुसायचं काम ते दुसऱ्या कोणाला करू देत नसत.

गेल्या हिवाळ्यात कोठारीच्या जंगलात चितळांचा कळप अचानक रस्त्यावर आला. खुशबूने ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग हातात असं थरथरलं की जणू कोणी पलीकडून ओढतंय. गाडी थांबली, चितळं गेली, पण थांबायला जितकी जागा लागायला हवी होती त्यापेक्षा बरीच जास्त लागली. तिने गाडी कडेला घेतली. मग पुढच्या चाकाच्या फटीतून मोबाइलच्या उजेडात पाहिलं. ब्रेकच्या डिस्कला, चाकाबरोबर फिरणाऱ्या त्या लोखंडी चकतीला, कडेने धार आली होती आणि मधला भाग ताटासारखा खोल गेला होता.

राजुऱ्याच्या, बल्लारपूरच्या गॅरेजवाल्यांनी हात वर केले. या गाडीचा माल आमच्याकडे येत नाही म्हणाले. शेवटी चंद्रपुरात नागपूर रोडवर काचेच्या भिंतींचं नवं गॅरेज झालं होतं, तिथे ती गेली. तिथल्या मुखरू नावाच्या वयस्क मिस्त्रीने चाक काढून डिस्कची जाडी मोजली आणि मान हलवली. "झिजली. आता बदलाच लागते, बाई. पुढच्या दोन्ही. पॅडही नवीनच टाका."

मग कोणती डिस्क घ्यायची यावर खुशबूने आठवडाभर डोकं लावलं. हे काम तिला आवडायचं. दवाखान्याची अवजारंसुद्धा ती अशीच निवडायची, दहा ठिकाणी विचारून, वाचून. भोकं पाडलेल्या डिस्कचे फोटो पाहून तिचाही जीव त्यांच्यावर गेला होता, हे तिने कोणाला सांगितलं नाही. रिमच्या आतून त्या दिसायच्याही सुंदर. पण जितकं वाचलं, गाड्या पळवणाऱ्या लोकांशी जितकं बोलली, तितकं तिचं मन साध्या डिस्ककडे वळलं. तिची गाडी शर्यतीच्या मैदानावर जाणार नव्हती. ती घुग्घुसच्या कोळशाची आणि गडचांदूरच्या चुन्याची धूळ खाणार होती, पावसाळ्यात आष्टीचा चिखल खाणार होती. त्या भोकांत हे सगळं जाऊन बसणार. आणि जोराचे ब्रेक सारखे लागले, डिस्क तापून निवत राहिली, की तडा जातो तो बहुतेक भोकाच्या कडेपासूनच. तिला मूळ मापाची, भोकं नसलेली, दोन थरांमधून हवा खेळणारी, चांगल्या ओतीव लोखंडाची डिस्क हवी होती. तिला आवळून चाक थांबवणारे योग्य पॅड. बस.

गॅरेजचा मॅनेजर धनराज काउंटरवर बसला होता. तिशीतला, इस्त्रीचा टी-शर्ट, बोलणं गोड. तिचं सांगणं संपायच्या आत त्याने शोकेसमधून लाल रंगाच्या मधल्या टोपीची, भोकाभोकांची एक डिस्क काढून काचेवर ठेवली.

"मॅडम, तुमची गाडी परफॉर्मन्सवाली. तिला साधा माल शोभतो का? ही बघा. कूलिंग बेस्ट. लुक एकदम खतरनाक."

"पाहिली आहे मी. मला साधीच पाहिजे. आतून हवा खेळणारी, मूळ मापाची."

"मोठमोठ्या गाड्यांना हीच येते."

"त्या गाड्यांची असेल चांगली. ही कोणी बनवली ते यावर लिहिलेलंसुद्धा नाही. आणि माझा रस्ता धुळीचा आहे. साधीच मागवा."

मुखरू बाजूला उभा राहून ऐकत होता. धनराजने खांदे उडवले आणि ठीक आहे म्हणाला. मग विचारलं, "घरी सर वगैरे कोणी आहेत का? त्यांचा नंबर देऊन ठेवा."

"सर कोणी नाही. गाडी माझी आहे."

"तसं नाही, कधी तुमचा फोन लागला नाही तर."

हे मात्र खरं होतं. मुलचेऱ्याच्या आतल्या गावांत रेंज जायची. तिने वडिलांचा नंबर दिला, आणि माझा लागला नाही तरच, असं बजावून सांगितलं. गाडी तिथे ठेवून ती बसने मुलचेऱ्याला गेली.

दोन-तीन दिवसांनी दुपारी दवाखान्यात एका शेळीला टाके घालून ती हात धूत होती, तेवढ्यात वडिलांचा फोन आला. आवाजात असा आनंद होता की तिला आधी वाटलं भावाकडे काही गोड बातमी आहे.

"तुह्या गाडीचं काम झालं, बेटा. मी सांगून देल्लं त्याईले, लावा म्हनून."

"काय लावा म्हणून?"

"ते ब्रेकचं ताट. त्याईनं दोन प्रकार सांगतले. फोटो पाठवला. एक साधं, तव्यावानी. अन् एक मस्त, फुलासारखी भोकं असलेलं, मधात लाल. मी म्हनलं, पोरीची गाडी हाय, चांगलंच लावा."

खुशबूने नळ बंद केला. फोन कानापासून काढून पाहिला. तिला आलेला, न उचललेला एकही फोन नव्हता. रेंज पूर्ण होती. सकाळपासून ती इथेच होती.

"बाबा, त्यांनी मले काऊन नाई विचारलं?"

"तू कामात असशीन म्हनून माह्याशी बोलले. चांगला मानूस हाय तो. किती वेळ समजावून सांगतलं त्यानं. सर, ह्याचा फायदा असा हाय. सर, तुमाले काय वाटते. सर, तुमी म्हनान तसं."

पलीकडून आईही बोलू लागली. सीताबाई हसत होत्या. "आज सर झाले तुझे बाबा. तवापासून गल्लीत सगळ्याइले सांगून राह्यले, मले फोन आलता चंद्रपूरहून, मले सल्ला विचारला म्हनून."

जो राग खुशबूच्या डोक्यात चढला होता, तो ज्याच्यावर काढायचा तो या फोनवर नव्हता. या फोनवर एक म्हातारा माणूस होता, ज्याला जन्मभर लोकांनी "ए" म्हणून हाक मारली आणि ज्याला आज पहिल्यांदा एका काचेच्या दुकानातून कोणी सर म्हटलं होतं. ती म्हणाली, "बरं केलं. मी शनिवारी गाडी आणायला जाते."

"मीबी येतो," देवराव म्हणाले. "त्या मानसाले भेटतो."

मग तिने धनराजला फोन लावला. तो तसाच गोड बोलला.

"मॅडम, झालं काम. सरांनी ओके दिलं ना."

"गाडी कोणाच्या नावावर आहे?"

"मॅडम, तुम्ही टेन्शन घेऊ नका, एकदा बघा तरी. नंतर मला थँक्यू म्हणाल."

"मी तुम्हाला काय सांगून आले होते?"

"हो, पण सरांना हीच पसंत पडली. मोठ्या माणसांचा शब्द मोडता येतो का?"

तिने फोन टेबलावर आपटून ठेवला. बाबूने विचारलं, "काय झालं मॅडम, गाडीचं का? साहेबांना सांगा ना." तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो रजिस्टर उघडून बसला.

शनिवारी चंद्रपूरच्या बसस्टँडवर देवराव तिच्या आधी येऊन थांबले होते. बुद्ध पौर्णिमेला घालायचा तो पांढरा शर्ट, दाढी केलेली. गॅरेजमध्ये आपण ती डिस्क काढायला लावणार आहोत, हे ऑटोत बसल्यावर तिने त्यांना सांगायला हवं होतं. पण ते रस्त्याकडे पाहत इतके खुशीत बसले होते की तिने ते तसंच राहू दिलं.

धनराज देवरावांना पाहून उठून उभा राहिला. खुर्ची दिली, थंड पाणी मागवलं, एसीचं तोंड त्यांच्याकडे वळवलं. "या सर, या. तुमची निवड बघा, कशी दिसते." तिला म्हणाला, "मॅडम, तुम्हीपण बसा."

निळी गाडी काचेपलीकडे उभी होती. चाकाच्या आड लाल टोपी चमकत होती. आणखी दोन-तीन गिऱ्हाईकं सोफ्यावर बसून मोबाइल पाहत होती.

"ही काढा," खुशबू उभ्यानेच म्हणाली. "मी सांगितलेली लावा."

"मॅडम, असं कसं? लागलेला माल परत होत नाही."

"मी हा माल मागितलाच नव्हता."

"सरांनी मागितला."

"गाडी सरांची नाही. डिस्कचं मी काय बोलले होते ते तुम्हाला आठवतं. धुळीचा रस्ता, सारखे ब्रेक, भोकाच्या कडेला तडा. तुम्ही हो म्हणालात. मग माझा फोन चालू असताना मला एक फोन का केला नाही? एवढंच सांगा."

सोफ्यावरच्या माणसांनी मान वर केली. धनराज हसला, आणि तिला उत्तर द्यायच्या ऐवजी खुर्ची फिरवून देवरावांकडे वळला. आवाज खाली आणून, दोन पुरुष आपसात बोलतात तसा म्हणाला, "सर, आता तुम्हीच समजावा. लेडीज लोकांना गाडीत रंगाशिवाय काय समजतं? नेटवर काहीतरी वाचतात अन् आपल्याला शिकवतात. तुम्ही जुने, अनुभवी माणूस. तुम्ही बोला."

देवराव हातातला पाण्याचा ग्लास तसाच धरून होते. तोंडावरचं हसू जायला वेळ लागला. आधी डोळ्यांतलं गेलं, मग ओठांवरचं. ते एकदा लेकीकडे पाहत होते, एकदा त्या माणसाकडे.

"पोरीनं तुमाले सांगतलं होतं?" त्यांनी विचारलं. "साधंच लावा म्हनून?"

"सर, त्या बोलल्या होत्या, पण..."

"मले तं तुमी हे नाई सांगतलं."

कामाच्या जागेतून मुखरू हात पुसत दारापर्यंत आला होता. तो म्हणाला, "सांगतलं होतं बाईनं. माह्यासमोर. साध्या डिस्कचा डबाही आला, मागं ठेवला हाय." एवढं बोलून तो उभाच राहिला, मॅनेजरकडे न पाहता.

म्हणजे माल आला होता. तिने मागितला तोच माल आला होता आणि मागे पडून होता, कारण शोकेसमधली ही लाल डिस्क कोणाच्या तरी गळ्यात मारायची होती. खुशबू बोलणार होती. पण तिच्या आधी देवराव बोलले, खुर्चीतून उठून, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"भाऊ, मी पोती चढवनारा मानूस हाव. मले सायकलचा ब्रेक समजते, बस. ह्या गाडीतलं मले काई म्हन्जे काई समजत नाई. तुमी मले सर म्हनलं, म्हनून मी हो म्हनलो. ते काई ओके नोहे. जिची गाडी हाय तिले समजते. ते काढा अन् तिनं सांगतलं ते लावा."

सोफ्यावरचा एक माणूस पुन्हा मोबाइलमध्ये घुसला, पण कान इकडेच होते. धनराज काहीतरी पुटपुटला, कंपनीचं धोरण वगैरे. खुशबू म्हणाली की दुसरी डिस्क लागेपर्यंत ती या काउंटरपुढून हलणार नाही आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला हीच हकीकत सांगेल. बाहेर तेवढ्यात आणखी एक गाडी लागली, दार उघडून नवराबायको आत येऊ लागले. धनराजने त्यांच्याकडे पाहिलं आणि मुखरूला हाताने खूण केली.

काम व्हायला दुपार गेली. देवराव पुन्हा त्या एसीत जाऊन बसले नाहीत. बाहेर टायरांच्या थप्पीजवळ बाकडं होतं, त्यावर दोघं बसले. आतून चहा आला, तो त्यांनी घेतला नाही. खुशबूला जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं. उलट राग वाढतच चालला होता.

"तुम्ही कशाले बोलले सगळ्याइसमोर?" ती म्हणाली. "मी बोलत होती ना."

"तुह्यं कोन आयकत होतं?"

हेच तिला सहन होत नव्हतं. तिने सगळं बरोबर सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं. डिस्क निघाली ती बापाने भर दुकानात स्वतःला अडाणी म्हणवून घेतल्यावर.

थोड्या वेळाने देवराव आपणहून म्हणाले, "अन् माह्यं तरी कोन आयकत होतं? त्याले माही मुंडी पायजे होती, हालवाले." ते हसले, तसंच, ज्या हसण्याचा तिला राग यायचा. पण या वेळी ते हसू पूर्ण झालं नाही. "मले वाटलं होतं, खरंच इचारून राह्यला."

गाडी मिळाली तेव्हा खुशबूने स्वतः खाली वाकून दोन्ही चाकं पाहिली. साध्या, राखाडी, गुळगुळीत डिस्क. मुखरूने पॅड बसवून गुणगुणत नट आवळले होते. तिने त्याचे आभार मानले. तो म्हणाला, "नवीन हाय, बाई. आधी हळू हळू ब्रेक मारून सवय लावा, मंग जोरात."

बल्लारपूर, राजुरा मागे पडलं. पुढे रस्ता मोकळा सापडला तेव्हा तिने वेग घेतला आणि पुढे काहीच नसताना ब्रेक दाबला, गाडी मंद केली, पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. देवरावांनी तीनचार वेळा समोर पाहिलं.

"समोर तं कोनी नाई. काऊन थांबून राह्यली?"

"पॅडचा थर डिस्कवर सारखा बसाले पायजे, बाबा. आता केलं नाई तं नंतर पुन्हा थरथरते."

"असं हाय का," ते म्हणाले आणि मग प्रत्येक ब्रेकला पाय खाली रोवून, तिच्याबरोबर काम करत असल्यासारखे बसले. एका वेळी म्हणाले, "आनखी एकदा मार. जरा जोरात." तिने मारला. गाडी सरळ रेषेत, न डगमगता मंद झाली. मागून येणाऱ्या सिमेंटच्या ट्रकवाल्याने हॉर्न देऊन शिवी घातली.

त्या डिस्क अजून आहेत. एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्यांनी खाल्ला; कोठारीच्या जंगलात रानडुकरं आली, आष्टीजवळ बैल आला, गाडी जिथे थांबायला हवी तिथे थांबली. खुशबू त्या गॅरेजच्या पायरीवर पुन्हा गेली नाही. मुखरूने तिथली नोकरी सोडून बल्लारपूरला टपरीवजा जागा घेतली आहे, ती त्याच्याकडे जाते. तो विचारतो तिलाच.

गडचांदूरच्या घरी मात्र एक फरक पडला. देवराव आता अनोळखी नंबरचा फोन उचलत नाहीत. वाजू देतात आणि सीताबाईंकडे सरकवतात. एकदा सीताबाई म्हणाल्या, "उचला नं, काही कामाचं असन." ते म्हणाले, "मले कोन काम सांगनार हाय." खुशबू तेव्हा दारात चपला काढत होती. तिने ते ऐकलं, आणि काचेमागचा तो गोड आवाज आठवून तिच्या अंगाचा पुन्हा तसाच संताप झाला. पहिल्या दिवसाइतकाच ताजा.